उतरत्या क्रमाचे फेटे

माझ्या निवृत्तीच्या सत्काराला मला जो फेटा बांधला होता, त्याचा रंग कच्चा होता. मे महिन्याचे ऊन, वर पत्र्याचा मांडव आणि माझ्या निष्काम सेवेबद्दल गहिवरून बोलणारे वक्ते. त्यांच्यापैकी एकही ग्रंथालयात पुस्तक घ्यायला आल्याचे ग्रंथपाल म्हणून मला आठवत नव्हते. घाम फुटला आणि फेट्याचा गुलाबी रंग कपाळावर उतरला. पुढचे काही दिवस बीडमध्ये जो भेटेल तो विचारायचा, “सर, कुठं धडकलात का?” तेव्हापासून फेटा या वस्तूबद्दल माझे मत फारसे बरे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच मला भर स्टेजवर उभे राहून थोरामोठ्यांच्या डोक्यावर फेटे ठेवावे लागले.

ते माझ्या मोठ्या बहिणीमुळे. तिला आम्ही अक्का म्हणतो.

आमच्या घरातून मेंढ्यांच्या मागून सुटलेला मी पहिला. अक्का सुटली नाही. ती धारूरकडच्या डोंगरात, मेंढ्या असलेल्या घरातच दिली गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. वाटेत लोकांच्या रानात मेंढ्या बसवायच्या. म्हणजे रात्रभर मेंढ्या त्या रानात मुक्काम करणार, लेंड्यांचे खत शेतकऱ्याला मिळणार आणि त्याबद्दल तो धान्य देणार. मी आयुष्यभर ज्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांवरची धूळ झटकली, त्यांच्यात लिहिलेले असते की समाज आधी शेती करतो, मग कारखाने काढतो आणि शेवटी सेवा क्षेत्रात पोहोचतो. आमचे लोक कारखान्याचे तोंडही न पाहता थेट तिसऱ्या पायरीवर बसलेले होते, तेही मेंढ्यांसकट. पुस्तकवाल्यांना कुणी कळवले नाही, इतकेच.

मग बीडजवळचा महामार्ग रुंद झाला आणि त्यावरच्या चौसाळा गावाचे रूप पालटले. पूर्वी चौसाळ्याला लोक काहीतरी विकत घ्यायला जायचे. आता काहीतरी करून घ्यायला जातात. गाडी धुऊन मिळते, मोबाइल उघडून मिळतो, फॉर्म भरून मिळतो, दाढी गार हवेत करून मिळते. वाढदिवस असेल तर ड्रोन मिळतो, केक मिळतो, आणि ज्या पिवळ्या यंत्राने सकाळी विहीर खोदली त्याच यंत्राच्या सुपड्यातून संध्याकाळी पाहुण्यांवर फुले उधळून मिळतात. बैल कमी झाले, पण मिरवणुकांना तोटा नाही. कपिलधारला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या थांबतात, पुण्याहून सणाला गावी येणारे थांबतात. ज्याच्याकडे रस्त्याकडेला एक गाळा आणि अंगात एखादी कला आहे, त्याला थोडेफार काम मिळतेच.

अक्काच्या अंगात एक कला होती, आणि ती कुणाला सांगायची नाही असा घरातला दंडक होता.

तिचे सासरे, ज्यांना ती मामा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणतो, डोंगराएवढा आवाज असलेला माणूस. एका कड्यावरून हाक मारली की दुसऱ्या कड्यावरची मेंढी मान वर करायची. पण एका वर्षी घोड्यावरून पडले आणि उजवा खांदा निकामी झाला. हात कानाच्या वर जाईना. आणि मामांचा लाल पटका तर रोज नव्याने बांधायचा असायचा. पटक्याशिवाय ते दारातसुद्धा उभे राहत नसत. तेव्हापासून रोज सकाळी खोपीचे दार लोटून अक्का त्यांना पटका बांधायची आणि मग दार उघडले जायचे. सुनेच्या हाताने पटका बांधून घेतो हे चारचौघांत कळले असते, तर मामांनी पटका सोडला असता, असे दाजी म्हणायचे. मला ठाऊक होते ते अक्काने एकदा हसता हसता सांगितले म्हणून.

“मान हालवली की मी टपली मारती,” ती म्हणाली. “तेवढा येळ गप बसत्यात. दिसभरात तेवढाच.”

याच हाताच्या भरवशावर तिने चौसाळ्याला गाळा घेतला. निम्म्या मेंढ्या विकल्या. दाजींनी शेळ्यामेंढ्या बाजाराला पोचवायला एक पिकअप घेतली. दुकानावर पाटी लागली: ‘सत्कार सेवा. शाल, श्रीफळ, हार. फेटे बांधून मिळतील.’ मामांना हे अजिबात पसंत नव्हते. त्यांनी अट घातली, “दिवाळीपस्तोर बघू. चाललं तर चाललं. न्हाई तर गाळा सोडायचा, मेंढ्या घ्यायच्या अन् रानात निघायचं.”

अक्काच्या गुडघ्यांची वाट लागलेली होती. तिला आता रानात निघायचे नव्हते. तिला पत्र्याखाली, पंख्याखाली, रहदारीच्या आवाजात म्हातारे व्हायचे होते. ती म्हणायची, “मला गर्दी आवडती रे. मेंढ्यांची बघून झाली, आता मानसांची बघू दे.”

दुकान बऱ्यापैकी चालले. सत्काराचा व्यवहार मला तिथेच बसून कळला. आपल्याकडे शाल ही पांघरायची वस्तू नाही, ती फिरायची वस्तू आहे. सत्कारमूर्तीला शाल मिळते, त्याच्या कपाटात ती काही काळ पडते, मग त्याची बायको ती दुकानात परत आणून देते आणि ती पुढच्याच्या खांद्यावर जाते. हळदीचा डाग पडलेली एक शाल तर अक्का ओळखायची. “ही आली माघारी,” ती म्हणायची, सासुरवाशीण माहेरी आल्यासारखी.

फेट्यांचे मात्र अर्धेच जमले. आता लग्नात बायका आणि पोरी फेटे बांधून मिरवतात, त्या रांग लावायच्या. पुरुष यायचे, फेटा बघायचे आणि विचारायचे, “बांधणार कोण?” अक्का म्हणायची, “मीच की.” मग त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचे, किंवा तयार फेटा पिशवीत घालून न्यायचे. बाईच्या पुढे डोके वाकवून बसायचे आणि तिने त्याला हात लावायचा, हे जमत नव्हते. दिवाळी जवळ येत होती आणि खरे काम तर पुरुषांच्याच डोक्यांचे होते.

तेवढ्यात दादांचे काम आले.

दादा म्हणजे रस्त्याकडेला ज्यांची जमीन होती आणि अजूनही बरीच आहे, ते. सगळा परिसर त्यांना दादा म्हणतो, त्यांच्यापेक्षा मोठे लोकसुद्धा. त्यांनी दुमजली संकुल बांधले होते. खाली चहानाष्टा, सलून, गाडी धुण्याचे केंद्र, मोबाइल दुरुस्ती, रक्त तपासायला देण्याची खोली. वर मंगल कार्यालय. उद्घाटनाला आमदार, म्हणजे साहेब, येणार होते. दादांनी स्टेजवरच्या पाहुण्यांचे फेटे अक्काला सांगितले आणि वर म्हणाले, “हे नीट झालं तर वरच्या कार्यालयाचं वर्षभराचं काम तुमालाच देऊ, ताई.”

वर्षभराचे काम म्हणजे मामांच्या अटीला उत्तर. अक्काचा चेहरा असा उजळला की मला वाटले आता ती दादांचाच सत्कार करते की काय. पण दादांच्या दोन सूचना होत्या.

“एक म्हंजे, स्टेजवर बाईनं फेटे बांधायचे न्हाईत. बरं दिसत न्हाई. तयार करून आना अन् घालायला एखादा पुरुष मानूस ठिवा.”

“अन् दुसरं?”

“साहेबांचा फेटा सगळ्यात मोठा पायजे. मग आमचा. मग बाकीचे, उतरत्या क्रमानं. सरपंचाचा शेवटचा. मागच्या कार्यक्रमात एका सदस्याचा फेटा साहेबांपेक्षा मोठा झालता, लई नाराजी झाली.”

“दादा, फेटा डोकं बघून बांधावा लागतो.”

“तुमी डोकं नका बघू ताई,” दादा समजावून म्हणाले. “पद बघा.”

आपल्या लोकशाहीचे इतके थोडक्यात वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

दाजी त्या दिवशी पिकअप घेऊन दूरच्या बाजाराला जाणार होते. म्हणून पुरुष माणूस म्हणून मी ठरलो. मी नको म्हणालो. माझी मते तिला सुनावली, कपाळावरच्या गुलाबी रंगाची आठवण करून दिली. अक्का हार ओवत होती, तिने वरही पाहिले नाही.

“तुला बांधायचा न्हाई, नुसता ठिवायचाय. आयुष्यभर काय केलंस? पुस्तक उचललं, फळीवर ठिवलं. तसंच हे.”

दोन दिवस दुकानात घागर, कळशी, डबा, पातेले अशी उतरत्या आकाराची भांडी मांडून ती त्यांच्यावर फेटे बांधत होती. साहेबांच्या वाट्याला घागर आली. चौकात फ्लेक्सवर साहेबांचा चेहरा शटरएवढा होता, तेव्हा घागर काही चुकीची वाटली नाही. मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे बघत होते. “भांड्याचं लगीन हाय का?” एवढेच ते म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी साहेबांना उशीर झाला. तो धरलेलाच असतो. संकुलाच्या दारात लाल फीत बांधलेली, तिच्यापुढे रखवालदार. पण सकाळपासून माणसे जमली होती आणि माणसांना चहा लागतो. कुणीतरी फितीखालून वाकून आत गेले. मग दुसरे गेले. थोड्या वेळाने रखवालदारच फीत उचलून धरू लागला, “वाकून जा, वाकून. फीत तुटली तर माझी नौकरी जाईन.” आत चहावाल्याकडे गर्दी, सलूनमध्ये एकाच्या तोंडाला फेस, गाडी धुण्याच्या केंद्रावर एका पाहुण्याचीच गाडी. उद्घाटनाच्या आधीच संकुल जोरात सुरू झाले होते. फक्त तसे जाहीर व्हायचे राहिले होते.

साहेब आले. पिवळ्या यंत्राने फुले उधळली. त्यांतली निम्मी आचाऱ्यावर पडली. सगळे स्टेजवर बसले, आणि तेव्हा मी साहेबांना पहिल्यांदा जवळून पाहिले. माणूस हसरा, नम्र, पण डोके बेताचे. फ्लेक्सने फसवले होते. घागर कुठे आणि हे कुठे! स्टेजच्या बाजूला पडद्याआड अक्का उभी होती. तिनेही बघितले. तिने कपाळावर हात मारला तो मला स्टेजवरून दिसला.

निवेदकाने माझे वर्णन ‘ज्येष्ठ फेटेकार’ असे केले. मी साहेबांच्या डोक्यावर सगळ्यात मोठा फेटा ठेवला. तो थांबला नाही. कपाळावरून उतरला, भुवया पार केल्या आणि नाकावर येऊन विसावला. आतून साहेबांचा आवाज आला, “लाइट गेली का?”

समोरची पोरे हसली. मी फेटा वर सरकवला आणि मागून हाताने धरून ठेवला. दादा दात न उघडता म्हणाले, “सर, पुढचे घाला की.” मी हात काढला, फेटा खाली आला. परत धरला. शेवटी साहेबांनी तो स्वतःच दोन्ही हातांनी धरला, शरण आल्यासारखा, आणि मी पुढे सरकलो. दादांचाही कानांवर टेकला. रांगेच्या शेवटी सरपंच, अंगापिंडाने दणकट, टरबुजाएवढे डोके, आणि त्यांच्या वाट्याला कळशीपेक्षाही लहान भांडे. तो फेटा त्यांच्या डोक्यावर नारळावर पेढा ठेवावा तसा बसला. सरपंच मान ताठ धरून बसले. श्वासही जपून घेत होते.

आता मांडवभर हशा होता. फोटोवाले खूश होते. दादांची मान कानांपर्यंत लाल झाली. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि त्या नजरेत वर्षभराचे काम नव्हते.

अक्का पदर खोचून स्टेजवर आली. पायऱ्या चढताना गुडघा धरला, पण थांबली नाही. सरळ साहेबांच्या मागे गेली आणि त्यांच्या हातातला फेटा काढून घेतला. सगळा उलगडून टाकला. स्टेजवर गुलाबी कापडाची लांबच लांब वाट पसरली.

“ताई, खाली उतरा,” दादा म्हणाले. “आता ऱ्हाऊ द्या. झाली तेवढी शोभा बास.”

अक्काच्या हातात फेट्याचे टोक. साहेब अर्धवट वळून बघत, काय करावे या पेचात. हशा थांबला होता. मांडव आता वाट बघत होता, बाई काय करते याची आणि साहेब काय करू देतात याची. त्या शांततेत मागच्या बाजूने हाक आली. तिला माइकची गरज नव्हती.

“ए साहेब! बांधू दे तिला!”

मामा उभे होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर तांबडा पटका, त्याचा एक पीळही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

“ह्यो बघ,” त्यांनी डावा हात पटक्यावर ठेवला. “ह्यो तिनंच बांधलाय. रोज तीच बांधती. माजा खांदा गेलाय, हात वर होत न्हाई. घोड्यावर बसलो, चार डोंगर हिंडलो, कवा सुटला न्हाई. बाईचा हात हाय म्हून काय डोकं झिजतं व्हय?”

दार लोटून इतकी वर्षे जे झाकले, ते मामांनी अख्ख्या चौसाळ्यासमोर एका हाकेत सांगून टाकले. ज्या दुकानाला त्यांचा विरोध होता, त्या दुकानासाठी. मी अक्काकडे पाहिले. तिने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर नव्हते, पण रंग पक्का होता.

साहेब मामांकडे बघत होते. मग खुर्ची फिरवून नीट बसले. “बांधा, ताई. फक्त मला दिसू द्या.”

अक्काने कापडाचे टोक दातात धरले, पीळ देत फिरवत गेली, आणि साहेब कुणाला तरी नमस्कार करायला वळले तशी तिची टपली बसली. सवयीची, मामांना मारायची तशी. “मान हालवू नका.” साहेब हसायला लागले आणि मग सगळा मांडव हसला. पण मान त्यांनी हलवली नाही. इतका वेळ गप्प बसलेले साहेब त्यांच्या कार्यकर्त्यांनीही कधी पाहिले नसावेत.

फेटा झाला. तुरा वर उभा, शेमला पाठीवर. साहेबांनी मोबाइलमध्ये बघितले, डावीकडून, मग उजवीकडून, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरला. शेजारच्याने हे बघून आपला फेटा हळूच काढून मांडीवर ठेवला. दादांनीही काढला. सरपंचांनी तर “ताई, माझं आधी, मानेत गोळा आलाय” म्हणून खुर्चीच पुढे ओढली. अक्काने पदे न बघता, जे डोके जवळ होते ते आधी घेतले. उतरता क्रम तिथेच संपला.

आणि सगळ्यांत मोठे सुख म्हणजे, तेवढे फेटे बांधून होईपर्यंत वेळ संपला. साहेबांना पुढचा कार्यक्रम होता. प्रास्ताविक, मनोगत, दोन शब्द, समारोप, सगळे गेले. साहेबांनी उठून फीत कापली. आतून चहाचे कप हातात घेऊन माणसे फीत कापताना बघायला बाहेर आली, आणि दाढी अर्धी झालेला एक जण टाळ्या वाजवत होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत देखणा समारंभ.

जाताना दादा अक्काजवळ आले. आवाज उतरलेला होता. “ताई, वर्षाचं काम तुमच्याकडंच. फक्त एक सांगतो, टपली साहेबांपुरती ठिवा. मला नका मारू.”

“तुमी मान हालवू नका,” अक्का म्हणाली.

साहेब गाडीत बसता बसता थांबले. दुकान कुठे आहे, उद्घाटन कुणाच्या हातून झाले, असे त्यांनी विचारले. झालेच नाही म्हटल्यावर ते उदारपणे म्हणाले, “मग पुढच्या महिन्यात मी येतो. फीत लावा.”

अक्काने हात जोडले. “नको साहेब. तुमी येईपस्तोर दुकान बंद ठिवावं लागतं. परवडत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडहून मुद्दाम लवकर निघालो. दुकानापुढे, रस्त्याच्या अगदी कडेला, खुर्चीवर मामा बसले होते. दार लोटलेले नव्हते, कारण उघड्यावर दारच नव्हते. अक्का त्यांना पटका बांधत होती आणि मामा येणाऱ्याजाणाऱ्याशी मोठ्याने बोलत होते, म्हणून दर वाक्याला एक टपली पडत होती. मेंढ्यांचा विषय कुणी काढला नाही. मागे एक ट्रकवाला उभा होता. रात्री पोराची वरात होती म्हणे, फेटा पाहिजे होता, आणि तो डोके खाजवत, संकोचत, अक्काच्या हाताकडे बघत होता.

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“काय बघायलास बे? टोपी काढ अन् माज्या मागं उभा ऱ्हा. नंबर हाय.”